अट्ठ लोकधम्म आणि रोबेर्तो बाज्जो यांची कारकीर्द

लाभ व अलाभ, यश व अयश, निंदा व प्रशंसा, सुख व दुःख या आठ अवस्थांना पाली वाङ्मयात ‘अट्ठ लोकधम्म’ अशी संज्ञा आहे. अंगुत्तर निकायातील अट्ठक निपातात तथागतांनी त्यांचे विवेचन केले आहे. अज्ञ माणूस आणि आर्यश्रावक या दोघांच्याही वाट्याला हे आठही धम्म येतात. भेद आहे तो त्यांना सामोरे जाण्याच्या रीतीत. ही शिकवण फक्त विहारातील भिक्खूंसाठी आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने इटलीचे विख्यात फुटबॉलपटू व बौद्ध उपासक रोबेर्तो बाज्जो यांची कारकीर्द अवश्य पाहावी.

बाज्जो यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९६७ रोजी उत्तर इटलीतील व्हिचेंझा शहराजवळच्या काल्दोन्यो या गावी झाला. आठ भावंडांत ते सहावे. व्हिचेंझा संघाकडून खेळताना त्यांच्यातील असामान्य गुण दिसून आले आणि १९८५ मध्ये फ्लोरेन्सच्या फिओरेंतिना संघाने त्यांना घेण्याचे ठरविले. परंतु त्याच सुमारास, ५ मे १९८५ रोजी, रिमिनीविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याला भयंकर दुखापत झाली. फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया झाली. वय अवघे अठरा वर्षांचे. फिओरेंतिनाने करार मोडला नाही. तथापि सप्टेंबर १९८६ मध्ये पहिल्या श्रेणीत पदार्पण होते न होते तोच तोच गुडघा पुन्हा दुखावला. त्या श्रेणीतील त्यांचा पहिला गोल मे १९८७ मध्ये, म्हणजे पहिल्या दुखापतीनंतर दोन वर्षांनी झाला.

या खडतर काळानंतर, १९८८ च्या आरंभी, फ्लोरेन्समधील एका स्नेह्यामुळे त्यांचा बौद्ध धम्माशी परिचय झाला. कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाने विचारपूर्वक नवा मार्ग स्वीकारला. तेराव्या शतकातील जपानी आचार्य निचिरेन यांच्या परंपरेतील, १९३० मध्ये स्थापन झालेल्या सोका गाक्काई या संघटनेचे ते अनुयायी झाले. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नामाचा जप हे या परंपरेचे मुख्य साधन होय. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चमत्काराला व दैवी कृपेला स्थान दिलेले नाही. त्यामुळे या साधनेविषयी आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुढील घटनांतच शोधता येईल.

१९९० मध्ये युव्हेंतुस संघाने तत्कालीन जागतिक विक्रमी रक्कम देऊन बाज्जो यांना घेतले, तेव्हा फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर दंगे उसळले. ६ एप्रिल १९९१ रोजी ते युव्हेंतुसकडून फ्लोरेन्समध्येच खेळले. त्या सामन्यात पेनल्टी मिळाली असता ती घेण्यास त्यांनी नकार दिला. समोरच्या गोलरक्षकाला आपली पद्धत ठाऊक आहे, असे कारण त्यांनी सांगितले. सहकाऱ्याने मारलेली पेनल्टी अडविली गेली. मैदानाबाहेर जाताना फिओरेंतिनाच्या रंगांचा, प्रेक्षकांतून आलेला एक गळपट्टा त्यांनी उचलून घेतला. एका बाजूस प्रशंसा, दुसऱ्या बाजूस निंदा! १९९३ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू हा बहुमानही त्यांना मिळाला.

१९९४ च्या अमेरिकेतील विश्वचषकात साखळी सामन्यांत त्यांना एकही गोल करता आला नाही. त्यानंतर मात्र नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक आणि बल्गेरियाविरुद्ध दोन असे पाच गोल त्यांनी केले. या तीन सामन्यांत इटलीचे एकूण गोल सहा होते. १७ जुलै रोजी पॅसाडेना येथे ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य राहिला व निर्णय पेनल्टींवर गेला. उपांत्य सामन्यातील स्नायूच्या दुखापतीनिशी खेळलेले बाज्जो इटलीची पाचवी पेनल्टी घेण्यास आले. त्यांचा चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला आणि ब्राझील विजयी झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बाज्जो यांच्यापूर्वी इटलीच्या बारेसी व मास्सारो यांच्याही पेनल्टी वाया गेल्या होत्या. बाज्जो यांनी गोल केला असता तरी केवळ बरोबरी झाली असती आणि ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लकच होती. तरीही लोकस्मृतीने पराभवाचा सारा भार एका माणसावर टाकला. आदल्या आठवड्यात ज्यांना तारणहार म्हटले गेले, तेच दोषी ठरले. लोकधम्मांचे अनित्यत्व याहून स्पष्ट कोठे दिसावे?

कोणत्याही जपाने तो चेंडू खाली आणला नाही. तसे घडावे ही अपेक्षाच धम्माशी विसंगत होय. त्या क्षणाने आपणांस अनेक वर्षे छळले, हे बाज्जो यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. दुःख नाकारले नाही, हीच त्या कबुलीतील महत्त्वाची गोष्ट. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे हा तर धम्माचा प्रारंभ आहे.

यानंतरचे त्यांचे आचरण अधिक बोलके आहे. १९९८ च्या विश्वचषकात चिलीविरुद्ध इटली पिछाडीवर असता शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. बाज्जो यांनी ती घेतली व बरोबरी साधली. पुढे फ्रान्सविरुद्धही पहिली पेनल्टी त्यांनीच यशस्वी केली, जरी इटलीचा संघ हरला. त्याआधी बोलोन्या या तुलनेने लहान संघाकडून त्यांनी एका हंगामात २२ गोल केले होते. २००० ते २००४ ते ब्रेशियाकडून खेळले आणि ती चारही वर्षे हा संघ पहिल्या श्रेणीत टिकून राहिला. २००२ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून ते तीन महिन्यांच्या आत परतले, तरी विश्वचषकासाठी त्यांची निवड झाली नाही. १६ मे २००४ रोजी मिलान येथे ते अखेरचा सामना खेळले तेव्हा पहिल्या श्रेणीतील त्यांचे गोल २०५ झाले होते.

अट्ठ लोकधम्मांपासून कोणाचीही सुटका नाही. प्रयत्न आपल्या हाती असतो, फळ नेहमीच नसते. हुकलेल्या पेनल्टीनंतर चार वर्षांनी पुन्हा त्याच खुणेवर चेंडू ठेवणे, यालाच पाली भाषेत ‘विरिय’ म्हणतात. आपल्या मुलामुलींना परीक्षेतील वा नोकरीतील अपयशाच्या वेळी सांगावा असा हा दाखला आहे.