गारेच्या पोटातली हकिकत

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट वारंवार झाली, तिची हकिकत जुने खातेदार सांगू लागले, की आडवी झालेली ज्वारी, फुटलेले द्राक्षमणी आणि पत्र्यावरचा तो कर्णकर्कश तडतडाट यांचे वर्णन ते ज्या बारकाईने करतात, ती तलाठ्याच्या पंचनाम्यात क्वचितच उतरते. त्यातही गार फोडून पाहणारा एखादा चिकित्सक निघतोच. त्याला आत एकावर एक पांढुरके आणि पारदर्शक पापुद्रे आढळतात. मेघातील प्रबळ ऊर्ध्वगामी प्रवाह गारेला तोलून धरीत असता, शून्य अंशाखालीही द्रवरूप राहिलेले जलबिंदू तिच्यावर आदळतात. ते तत्क्षणी गोठले तर हवा कोंडून थर पांढुरका होतो, सावकाश गोठले तर नितळ. गारेचे आमचे परिमाण अद्यापि बोर, आवळा आणि लिंबू हेच आहे, व मला तरी ते गैर वाटत नाही. मात्र गारांचा पट्टा पुष्कळदा इतका अरुंद असतो, की जवळच्या पर्जन्यमापकाला त्याची वार्ताही नसते. सबब गार वितळण्यापूर्वी, आणि विजा थांबल्यावरच, तिच्याशेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे व वेळ, गाव, शिवार यांची नोंद अवश्य करावी.