पाहुण्याचा नाश्ता की पाहुण्यांचा?

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज तारकर्ली-देवबागात होमस्टेवाल्यांचं बुकिंग बरंचसं इंग्रजी मेसेजवर चालतं. तिथे एक बारीक खूण घोळ घालते.

मराठीत 'पाहुण्याचा नाश्ता' आणि 'पाहुण्यांचा नाश्ता' यांत फरक फक्त अनुस्वाराचा. इंग्रजीत तेच काम अपॉस्ट्रॉफी करतो. पाहुणा एक, तर खूण एसच्या आधी: गेस्ट'स ब्रेकफास्ट. पाहुणे अनेक, तर एसच्या नंतर: गेस्टस' ब्रेकफास्ट. उच्चार सारखाच, म्हणून फोनवर खपतं. लिहिलंत की अडकलात! चौघे आले आणि मेसेजमध्ये एकाचाच नाश्ता फ्री, मग घाला वाद.

बोटीचंही तेच. 'ब्रदर'स बोट' एका भावाची, 'ब्रदरस' बोट' भावांच्या भागीदारीची. अ‍ॅडव्हान्स घेताना हे नीट लिहा बाबांनो.

आता फिशरमेन. हे अनेकवचनच, पण शेवटी एस नाही. म्हणून आधी खूण, मग एस: फिशरमेन'स नेट्स. चिल्ड्रन'स लाइफ जॅकेट्स तसंच.

आणि 'रूम्स अवेलेबल'मध्ये चा-ची-चे कुठाय? नाही ना? मग बोर्ड रंगवणाऱ्याला सांगा, तिथे खूण नको.