दूध बंद करायचे का?

आमच्या शाळेतील एक बाई स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपवून पुन्हा रुजू झाल्या. मधल्या सुट्टीत सर्वांचा चहा आला, तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला. आत कोरा चहा होता. "दूध कायमचे बंद. दुधाने हे दुखणे उलटते, असे नणंदेने कुठेतरी वाचले आहे," त्या म्हणाल्या. यावर कोणी काही बोलले नाही. पण 'कुठेतरी वाचले' ते नेमके काय असावे, हे शोधून पाहणे आपणा विज्ञान शिकवणाऱ्यांना अवघड नाही.

या विषयावरची सर्वांत जास्त चर्चा झालेली पाहणी अमेरिकेतली आहे. कँडिस क्रोएन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१३ साली 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९९७ ते २००० या काळात ज्यांच्या कर्करोगाचे सुरुवातीच्या अवस्थेत निदान झाले, अशा १८९३ स्त्रियांकडून आहाराची प्रश्नावली भरून घेतली होती. त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. या काळात ३४९ जणींचा रोग उलटला. ३७२ जणी वारल्या. त्यांपैकी १८९ स्तनाच्या कर्करोगाने.

चीज, आइस्क्रीम, पुडिंग, साईसकट दूध असे जास्त मेदाचे पदार्थ ज्या रोज एक माप (म्हणजे पेलाभर दूध किंवा त्या मानाने इतर पदार्थ) किंवा अधिक घेत, त्यांची तुलना अर्ध्या मापापेक्षा कमी घेणाऱ्यांशी केली. पहिल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका १.४९ पट निघाला. नणंदेपर्यंत पोहोचले ते बहुधा एवढेच. कमी मेदाचे दूध-दही घेणाऱ्यांमध्ये मात्र रोग उलटण्याशी किंवा मृत्यूशी कसलाही संबंध दिसला नाही. म्हणजे पाहणीचे बोट दुधाकडे नाही, दुधातल्या मेदाकडे आहे.

आता १.४९ या आकड्याकडे नीट पाहू. त्याच्याबरोबर १.०० ते २.२४ अशी मर्यादा दिलेली आहे. खरा आकडा या पट्ट्यात कुठेही असू शकतो, आणि पट्ट्याचे खालचे टोक बरोबर १ वर, म्हणजे 'काहीच फरक नाही' इथे टेकते. शिवाय 'दीडपट' कशाच्या दीडपट, हेही विचारले पाहिजे. समजा, कमी मेद घेणाऱ्या शंभरांपैकी दहा जणी बारा वर्षांत या रोगाने दगावल्या, तर जास्त घेणाऱ्यांत ढोबळमानाने पंधरा. हा फरक क्षुल्लक नाही, पण दुधाचा घोट म्हणजे विष असेही नाही.

मला सर्वांत बोलका वाटला तो दुसराच आकडा. याच गटात स्तनाचा कर्करोग सोडून इतर कारणांनी मृत्यू येण्याचा धोकाही १.६७ पट होता. रोग उलटण्याशी मात्र खात्रीचा संबंध सापडला नाही. का बरे? संशोधकांचा एक तर्क असा : पाश्चात्त्य देशांत गाभण गाईंचेही दूध काढतात. त्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते, ते मेदात विरघळते, आणि स्तनाचे बरेचसे कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसतात. तर्क पटण्यासारखा आहे. पण दोष केवळ त्याचा असता, तर आधी रोग उलटलेला दिसायला हवा होता, आणि इतर मृत्यू तेवढेच वाढायचे कारण नव्हते. कदाचित रोज चीज-आइस्क्रीम खाणाऱ्यांचे वजन, व्यायाम, बाकीचे जेवण हेही वेगळे असेल. असे फरक गणिताने वजा करतात, पण ते पुरते वजा होतातच असे नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे आणि एकालाच दूध द्यायचे, अशा प्रयोगातला हा निष्कर्ष नाही.

उलट, दूध तोडण्याची किंमतही असते. आमच्या बाईंना लेट्रोझोलची गोळी चालू आहे. या वर्गातल्या गोळ्या शरीरातले इस्ट्रोजेन घटवतात. रोगासाठी ते हवेच, पण त्याने हाडे विरळ होतात. अशा वेळी पेलाभर दुधातले दोन-अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम सोडायचे, तर नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून ते भरून काढावे लागते. कोरा चहा सुरू करताना हा हिशेब कोणी केला नव्हता.

मेदाचा हिशेब तर मुलांनाही करता येईल. दुधाच्या पिशव्या वर्गात आणा. 'फुल क्रीम' दुधात ६ टक्के मेद, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात अनुक्रमे सुमारे १२, ६ आणि ३ ग्रॅम. अमेरिकेतले साईसकट दूध सव्वातीन टक्क्यांच्या आसपासचे असते, म्हणजे आपल्या टोन्डच्या जवळचे. आपले म्हशीचे दूध त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा तिथले 'माप' इथे जसेच्या तसे लावता येत नाही. आपल्याकडे दूध तापवून साय काढतात, लोणी काढलेले ताक पितात. हे झाले कमी मेदाचे. मात्र त्याच सायीचे तूप वरणभातावर आले, तर हिशेब पुन्हा तिथेच!

बाईंनी हे आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या तपासणीला नेले. डॉक्टरांनी दूध किती घेता हे नंतर विचारले; आधी वजन घेतले आणि हाडांच्या घनतेची तपासणी लिहून दिली.