ऐकून लिहिणाऱ्या सुमित्राताई

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेचे वर्ग दिवाळीच्या आगेमागे अर्धे होतात. आईबाप ऊसतोडीला निघतात, त्यांच्यामागे पोरंही जातात. परत येतात तोवर अभ्यास बुडालेला असतो आणि ‘ढ’ म्हणून मोकळं व्हायला सगळे तयार असतात. अशा वर्गाला मी ‘दहावी फ’ हा चित्रपट दाखवते. मग तो लिहिणाऱ्या बाईंबद्दल सांगते, कारण पडद्यावरची माणसं कुणीतरी आधी कागदावर उभी केलेली असतात, हे मुलांना ठाऊक नसतं.

सुमित्रा भावे १९४३ साली पुण्यात जन्मल्या. चित्रपटाचं शिक्षण त्यांनी कुठेही घेतलं नव्हतं. त्या शिकल्या समाजकार्य, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करताना एक गोष्ट त्यांना खटकली. ज्यांच्यावर अहवाल लिहायचा, त्यांनाच तो वाचता येणार नव्हता. म्हणून १९८५ मध्ये त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथपासून सुनील सुकथनकर सोबत आले. दिग्दर्शन बहुतेक दोघांचं, कथा-पटकथा मात्र सुमित्राताईंची.

१९९५ चा ‘दोघी’ आमच्या दुष्काळी भागातल्या कुणालाही परका वाटणार नाही. लग्नाच्या दिवशीच नवरदेवाचा अपघाती मृत्यू होतो आणि नवरी गौरी अपशकुनी ठरते. घर चालवायला तिला मुंबईला धाडलं जातं, देहविक्रीच्या वाटेवर. तिच्या पैशावर घर जगतं. पण धाकट्या बहिणीच्या, कृष्णाच्या लग्नात ती आईला समोर नको असते. तिला मुंबईला नेणारा मामा रंगवलाय आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी. या आईचा मला राग येतो आणि त्याच क्षणी तिची कीवही येते. भूक आणि अब्रू यांच्या कात्रीत सापडलेली ही बाई सुमित्राताईंनी कुठेही खलनायिका होऊ दिलेली नाही.

‘दहावी फ’मधली मुलं अपमानाच्या रागात प्रयोगशाळा फोडतात. त्यांचे शिक्षक देशमुख सर त्यांना भाषण देत नाहीत. नुकसान स्वतः कमवून भरून द्यायला उभं करतात. इथे माझा वर्ग सरसावून बसतो. कोयत्यावर राबलेल्या हातांना कमाईची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

‘अस्तु’मध्ये स्मृती हरवलेला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागे निघून जातो. माहुताची कानडी बोलणारी बायको त्याला लेकरासारखं सांभाळते. तो तिला आई मानतो. भाषा जुळत नसताना घडणारी ही माया लिहायला किती कठीण! याच चित्रपटाच्या संवादांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१६ सालच्या ‘कासव’ने देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ पटकावलं.

एप्रिल २०२१ मध्ये सुमित्राताई गेल्या. त्यांचं लेखन उभं राहिलं ते ऐकण्यावर. समोरच्याला चूक-बरोबर ठरवण्याआधी त्याचं सगळं बोलणं कानावर घ्यायचं, ही त्यांची रीत. माझ्या वर्गातल्या पोरींनी ऊसतोडीच्या अड्ड्यावरची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, पाहिलीय, पहाटे गाडी भरणारी आई पाहिलीय, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडताना घरात होणारी बोलणी ऐकलीत. पटकथेला लागणारं भांडवल त्यांच्यापाशी भरपूर आहे. त्यांनी लिहितं व्हावं, आणि आपण शिक्षकांनी त्यांच्या हाती वही द्यावी. बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात होऊ शकते, तर पंधराव्या वर्षी नक्कीच.