ढाणकीहून समुद्रावर: जुन्या, लहान जहाजाची दोन-तीन रात्रींची सफर

ढाणकी परिसरातल्या माणसाला मोठं पाणी म्हणजे पैनगंगा. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जायचं, एरवी इसापूरच्या धरणातून पाणी कधी सुटतं तिकडे डोळे लावायचे. समुद्र बहुतेकांनी पाहिलेला असतो तो मुंबईला कामानिमित्त गेल्यावर, गेटवेच्या कठड्यावरून. त्या पाण्यावर दोन-तीन रात्री राहता येतं आणि त्यासाठी परदेशवारीइतका पैसा लागत नाही, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं. क्रूझ म्हटलं की पासपोर्ट, व्हिसा आणि जाहिरातीतलं वीस मजली जहाज डोळ्यांपुढे येतं. माझं सांगणं असं की पहिल्या खेपेला त्या नव्या, अवाढव्य जहाजाच्या मागे लागू नये. मुंबईहून सुटणारं, वयानं जुनं, आकारानं लहान जहाज निवडावं आणि पैसे कुठे वाचतात, कुठे नकळत जातात, ते तिकीट काढण्याआधी समजून घ्यावं.

जुनं जहाज म्हणजे कोणतं

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशांतर्गत सफरी करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे याचं चांगलं उदाहरण. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि मालक होती रॉयल कॅरिबियन ही कंपनी. पुढे नाव बदललं, मधली काही वर्षं ते एका स्पॅनिश कंपनीकडे होतं, 2020 च्या अखेरीस ते विकलं गेलं आणि सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. लांबी 211 मीटर, खोल्या आठशेच्या आसपास. त्याच रॉयल कॅरिबियनचं 2024 साली सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे आणि त्याचं टनेज एम्प्रेसच्या पाचपट आहे.

या जहाजाची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की ते मुळातच मायामीहून बहामा बेटांच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी आखलेलं होतं. म्हणजे महिनाभराच्या प्रवासाचं जहाज म्हातारपणी छोट्या फेऱ्यांना लावलंय, असं नाही. जन्मापासून त्याचं काम हेच. म्हणून खोल्या लहान, पण जेवणाची दालनं, नाट्यगृह आणि मोकळे डेक भरपूर.

याआधी मराठी माणसाला जवळची वाटलेली बोट म्हणजे ‘आंग्रिया’. 20 ऑक्टोबर 2018 रोजी तिचं मुंबईत उद्घाटन झालं. जपानमध्ये बांधलेली, तिथे वापरलेली, 131 मीटर लांबीची ही बोट मुंबईहून संध्याकाळी सुटून सकाळी गोव्याला पोचत असे. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. तिच्यात एका माणसापुरती झोपायची जागा घेऊनही जाता येत असे आणि हीच सोय आपल्यासारख्यांना सगळ्यात परवडणारी होती. 2020 मध्ये करोनाच्या काळात फेऱ्या थांबल्या. तशी एका रात्रीची, एकेरी प्रवासाची सेवा कुणी पुन्हा नेटानं चालवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

स्वस्त का पडतं

नव्या जहाजावर हजारो कोटींचं कर्ज असतं आणि ते तिकिटातून फिटतं. जुन्या जहाजाची बांधणीची किंमत आधीच्या मालकांच्या काळात वसूल झालेली असते. शिवाय सफर छोटी, बंदरं जवळची, बोट रात्रभर बेताच्या वेगानं चालते. इंधन कमी लागतं. जुन्या जहाजावर नव्या जहाजांसारख्या घसरगुंड्या आणि बर्फाचं मैदान नसतं, म्हणजे त्यांचा खर्चही नाही. आपल्याला समुद्र पाहायचाय, तेव्हा यातलं काही गेल्याचं दुःख नको.

जुनं म्हणजे धोक्याचं का?

हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारणारच, आणि विचारायलाच हवा. कोकणच्या बोटींच्या आठवणीत 17 जुलै 1947 ची ‘रामदास’ आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

आजची व्यवस्था वेगळी आहे. टायटॅनिक 1912 साली बुडाल्यानंतर जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं आज लागू असलेलं मूळ रूप 1974 चं, आणि त्यात सतत सुधारणा होत आल्या. त्यानुसार प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, दरवर्षी नव्यानं तपासणी होते आणि पाच वर्षांत किमान दोनदा जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळ तपासावा लागतो. जुना ट्रॅक्टर घेताना आपण मॉडेलच्या सालापेक्षा इंजिनाचं काम कधी झालं ते विचारतो, तसंच इथे आहे. जहाज शेवटचं गोदीत कधी गेलं होतं, हा प्रश्न बुकिंग करणाऱ्याला बिनदिक्कत विचारा.

आणि एक काम आपलं आहे. सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर सगळ्या प्रवाशांना आपत्कालीन सराव करावा लागतो. आपल्या खोलीच्या कार्डावर जमण्याच्या जागेचं अक्षर छापलेलं असतं. त्या जागी पोराबाळांसह एकदा चालत जायचं, वाट लक्षात ठेवायची. बरीच मंडळी हा सराव टाळून जेवणाच्या रांगेत उभी राहतात. ते बरोबर नाही.

बिलातले चोरकप्पे

जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुधा एका माणसाचा असतो आणि एका खोलीत दोघं धरून असतो. एकटा माणूस गेला तर त्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. उलट एका खोलीत तिसरा-चौथा माणूस आला की त्याचं भाडं बरंच कमी होतं. म्हणून नवरा-बायको आणि दोन मुलं असं कुटुंब एकाच खोलीत गेलं, तर माणशी खर्च सगळ्यात कमी येतो. चार मित्रांनाही तेच लागू.

मूळ भाड्यावर जीएसटी, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क चढतं. चौकशी करताना भाडं किती असं विचारू नका. “सगळं धरून चौघांचे किती होतील, ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा,” असं म्हणा. दोन ठिकाणांहून असं लेखी उत्तर मागवलं की फरक आपोआप दिसतो.

भाड्यात काय येतं? राहणं, ठरलेल्या दालनांतलं तिन्ही वेळचं जेवण, बहुतेक कार्यक्रम, पोहण्याचा तलाव. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. काय येत नाही? शीतपेयं आणि दारू, वेगळ्या उपाहारगृहांतले पदार्थ, इंटरनेट, मसाज, आणि बंदरावर उतरल्यावरची सहल. जहाजावर रोख पैसा फारसा चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च नोंदला जातो. मुलांच्या हातात ते कार्ड असलं की दोन दिवसांत दर ग्लासाचे पैसे साठत जातात आणि शेवटच्या रात्री बिल हातात पडतं. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते का, ते पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात विचारा.

मोबाइलचंही तसंच. किनारा दूर गेला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

खोली कोणती घ्यावी

आतली, बिनखिडकीची. सगळ्यात स्वस्त तीच असते आणि छोट्या सफरीत तेवढी पुरते. दार उघडलं की दोन पलंग, त्यांच्या मधून जाण्यापुरती वाट, एक आरसा, एक कपाट. वरचे बिछाने दिवसा भिंतीत किंवा छतात दुमडलेले असतात, रात्री कर्मचारी ते खाली ओढून शिडी लावून देतात. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, रात्री उठताना त्याला ठेच लागते, तेव्हा आधी सगळ्यांना दाखवून ठेवावा. दिवा घालवला की मिट्ट काळोख. सकाळ झालेली कळत नाही, म्हणून सूर्योदय पाहायचा असेल तर गजर लावून झोपावं.

बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी एकाच कारणासाठी देईन: घरातल्या आजी-आजोबांना जिने चढवत नाहीत आणि त्यांना बसल्या जागी समुद्र पाहायचाय. बाकीच्यांना वरचा डेक फुकट आहे आणि तिथून दोन्ही बाजू दिसतात.

खोली निवडताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागातली मागा. लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं. पण जसं एसटीत मागच्या बाकावर जास्त हादरे बसतात, तसं इथेही टोकांना जास्त झोके जाणवतात, मध्ये कमी.

बोट लागली तर

कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, डोळ्यांना मात्र खोली स्थिर दिसते. या गोंधळातून मळमळ सुरू होते. उपाय म्हणजे उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहणं, पोट रिकामं न ठेवणं, तेलकट टाळणं. एव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते आणि तिनं झोप येते. बीपी, शुगरची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदरपणाच्या चोवीस आठवड्यांपुढे बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवास करू देत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

कधी मुंबईला गेलात तर आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट करून पाहा. तासाभराचा प्रवास आहे. त्यात पोराला उलटी झाली, तर क्रूझसाठी तयारी कशी करायची ते कळेल.

कोणत्या दिवसांत जावं

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईच्या सफरींचा विचार करू नये. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर आणि शनिवार-रविवार महाग. आपल्याकडचं शेतीचं वेळापत्रक इथे उपयोगी पडतं. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं, मग कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चला हळद काढणं, शिजवणं, वाळवणं. कापसाची मोठी वेचणी झाली आणि हळदीला हात लागायचाय, असा जानेवारीचा मधला काळ शेतकरी कुटुंबाला मोकळा असतो आणि नेमके तेव्हाच आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर उतरलेले असतात. समुद्रही शांत. मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडेल खरी, पण मे महिन्यातल्या गर्दीपेक्षा आणि भाड्यापेक्षा ते परवडतं.

ढाणकी ते बॅलार्ड पिअर

जहाज मुंबईत बॅलार्ड पिअरहून सुटतं आणि ते सीएसएमटी स्टेशनपासून टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे. आपल्या सोयीची गोष्ट अशी की हिमायतनगरला थांबणारी नंदीग्राम एक्सप्रेस थेट सीएसएमटीलाच जाते. नांदेडहून देवगिरी, तपोवन याही तिथेच जातात. नंदीग्राम पहाटे पोचते आणि जहाजावर चढणं दुपारी, म्हणून त्याच दिवशी उतरून जाऊ असा मोह होतो. पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. एक दिवस आधी मुंबईत पोचावं, नातेवाइकाकडे किंवा साध्या लॉजवर मुक्काम करावा. तो खर्चही हिशेबात धरा.

देशांतर्गत सफरीला पासपोर्ट लागत नाही. प्रत्येकाचं, लहान मुलाचंसुद्धा, फोटो असलेलं ओळखपत्र हवं आणि तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आधारवर पूर्ण नाव आणि तिकिटावर नुसतं घरचं नाव, असं असेल तर धक्क्यावर अडवतात. घरचं शिजवलेलं खाणं, इस्त्री, पाणी तापवायची किटली सामानात घेऊ देत नाहीत.

पहिली संध्याकाळ डेकवर

बोट सुटते तेव्हा खोलीत बसू नये. मुंबईचं बंदर मागे पडताना कुलाब्याच्या टोकापुढचा 1875 चा प्राँग्स दीपस्तंभ दिसतो. उजेड टिकला आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेकडे थळसमोर खांदेरी-उंदेरीची बेटं ओळखता येतात. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून उभारायला घेतला. तिथला दीपस्तंभ 1867 चा. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे, आणि पुढे याच किनाऱ्यावर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. ते रात्री अंधारात आणि लांब राहतात, दिसत नाहीत. पण पोराला नकाशा दाखवत सांगितलं की आत्ता आपण कोणत्या किल्ल्याच्या समोरून चाललोय, तर इतिहासाच्या पुस्तकातलं आरमार त्याला पहिल्यांदा नीट कळेल.

गोव्यात उतरल्यावर

जहाज मुरगाव बंदरात लागतं. पणजी तिथून लांब आहे, म्हणून जहाजाची सहल महाग वाटते. चार-सहा जणांनी मिळून बाहेरची टॅक्सी ठरवली तर फोंड्याकडचे मंगेशी आणि शांतादुर्गा सहज होतात. भाव आधी ठरवा आणि परतीची वेळ जहाजानं सांगितलेल्या वेळेच्या दीड-दोन तास आधीची धरा.

लक्षद्वीपची सफर सुंदर आहे, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी सुचवणार नाही. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही, लहान होड्यांतून बेटावर न्यावं लागतं, आणि लाटा वाढल्या तर उतरणं रद्द होतं.

परतीच्या आदल्या रात्री सामानाला पट्ट्या लावून खोलीबाहेर ठेवायला सांगतात. औषधं, आधार आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत राहू द्या. बिल त्याच रात्री ओळ न् ओळ तपासा, कारण सकाळी स्वागतकक्षापुढे मोठी रांग असते. जहाज सकाळी मुंबईला लागलं की दुपारची नंदीग्राम किंवा रात्रीची देवगिरी मिळते. मात्र आरक्षण जहाजाच्या तिकिटाबरोबरच करून टाकावं, आयत्या वेळी ते मिळत नाही.