मुक्कामी माणसांची पुस्तकं

मराठीतली जंगलाची पुस्तकं सलग वाचायला घेतली की एक गोष्ट लक्षात येते. पुन्हा पुन्हा काढून वाचावीत अशी पुस्तकं जंगल फिरून आलेल्यांची कमी, तिथं मुक्काम ठोकलेल्यांची जास्त. आणि हा मुक्काम दर वेळी हौसेचा होता असंही नाही. कुणाची बदली झाली, कुणाची नोकरी सुटली, कुणाला आजारपणानं एका जागी खिळवून ठेवलं.

अशा मुक्कामाचा नमुना म्हणून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचंच घ्या. १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईतली त्यांची जागाच रद्द झालेली. हाताला काम नाही म्हणून अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपुढं बसू लागले. नर अर्धवट घरटी विणतो, माद्या येऊन पारख करतात, एखादीनं घरटं पसंत केलं की तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्याच्या मागं लागतो, हे तिथं उलगडलं. एका सकाळपुरत्या आलेल्या पाहुण्याला झाडाला लोंबणारी घरटी दिसली असती. त्यातले व्यवहार कळायला अख्खा पावसाळा काढावा लागतो.

दुर्गा भागवतांचा मुक्काम निराळा. मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये संशोधन करत हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढची काही वर्षं अंथरुणात गेली. १९५६ च्या ‘ऋतुचक्रा’त त्यांनी चैत्र ते फाल्गुन असं अख्खं वर्ष मांडलं. त्यासाठी घोर अरण्य लागलं नाही. तेच झाड बाराही महिने पाहत राहण्याची चिकाटी लागली.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव अर्थातच मारुती चितमपल्ली. सोलापूरचा हा मुलगा कोइमतूरला वनविद्या शिकला आणि ३६ वर्षं वनखात्यात राहिला. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या चाकरीची ठिकाणं मराठी वाचकाला त्यांच्यामुळंच आपलीशी वाटू लागली. त्यातही नवेगावचा वाटा मोठा. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांचा हा मुलूख, आणि तिथं त्यांना भेटलेले माधवराव पाटील डोंगरवार हे रानाचे जाणते. साहेब म्हणून गेलेला अधिकारी तिथं शागीर्द झाला. गोंड, ढिवर, पारधी यांच्याकडून त्यांनी पाखरांच्या सवयी आणि नावं टिपली. संस्कृत ग्रंथांशी ती ताडून पाहिली. ‘पक्षीकोशा’सारखं काम या सवयीतूनच उभं राहिलं. लोककथा आणि निरीक्षण यांच्यातली सीमारेषा ते नेहमी काटेकोर पाळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण ऐकलेलं टाकून दिलं असतं, तर त्यांचं लेखन खात्याच्या अहवालापलीकडं गेलं नसतं. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या रानातल्या माणसाला मिळालं. जून २०२५ मध्ये, पद्मश्री मिळालेल्या वर्षीच, ते गेले.

व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीचे नोकर, जंगलात पाहुणेच. तरी नागझिऱ्याला ते एकटे जाऊन राहिले, हिंडले, चित्रं काढली. त्यांच्या गद्यात जनावर माणसासारखं बोलत नाही आणि लेखक विस्मयानं उसासत नाही. ‘सत्तांतर’ या कादंबरीत वानरांच्या टोळीवर नवा नर कब्जा करतो आणि पिलांचा जीव धोक्यात येतो. धारवाडच्या रानात सुगियामा या जपानी अभ्यासकानं साठच्या दशकात हेच नोंदवलं होतं. ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढं किरण पुरंदरे यांनी त्याच नागझिऱ्यात दीर्घ मुक्काम केला आणि ‘सखा नागझिरा’ लिहिलं.

आता जंगलाशी आपली गाठ पडते ती सफारीत. सकाळची फेरी, दुपारची फेरी, जिप्सी, कॅमेऱ्यात वाघ. मीही याच गाड्यांत बसून गेलो आहे; सांबराचा इशारा ऐकून गाडी वळते तेव्हा माझीही मान वळते. पण पावसाळ्यात गाभ्याचं जंगल पर्यटनाला बंद असतं. जुलै ते सप्टेंबरमधलं अळंब्यांचं, भरल्या नाल्यांचं, नव्या पालवीचं रान बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. बांबूचा फुलोरा तर काही दशकांनी येतो. फेऱ्यांच्या हिशेबात तो बसत नाही. म्हणून अलीकडच्या लेखनात वाघ पुष्कळ आणि जंगल थोडं, अशी अवस्था झाली आहे.

जुन्या पुस्तकांतही एक उणीव आहेच. मोहफुलं वेचणारी बाई, तेंदूपत्त्याला जाणारं कुटुंब, पाणवठ्याची वाट दाखवणारा वाटाड्या ही माणसं तिथं माहितगार म्हणून येतात, लेखक म्हणून नाहीत. अभयारण्यं झाली तेव्हा काही गावं उठली. त्या उठण्याची गोष्ट निसर्गलेखनानं क्वचितच सांगितली. खरा मुक्काम त्यांचाच होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आज त्यांच्याच घरांतून वनरक्षक, वनमजूर, गाइड तयार झाले आहेत, बायकाही आहेत. वर्षाचे बाराही महिने रानात असणारी माणसं आता हीच. दिवाळी अंकांच्या संपादकांनी शहरातल्या छायाचित्रकाराकडं लेख मागताना एक पत्र त्यांनाही धाडावं. कुणी लिहायला बिचकलं तर समोर बसून टिपून घ्यावं, आणि मजकूर बोलीत आला तर बोलीतच छापावा.