देवगिरीच्या दरबारातील संगीतशास्त्र

आज दौलताबाद म्हणून ओळखला जाणारा किल्ला यादवांच्या काळात देवगिरी होता, आणि तेथे तेराव्या शतकात, सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आलेले, तर तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. जमाखर्च सांभाळणाऱ्याची ही काटेकोर नजर ग्रंथभर जाणवते.

सात अध्यायांच्या या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हटले आहे. श्रुती, म्हणजे कानाला वेगळे ओळखता येणारे सूक्ष्म नादांतर, समजावण्यासाठी प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन, एक स्थिर ठेवून दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवण्याचा जो प्रयोग त्यात सांगितला आहे, तो ग्रंथातील सर्वांत लक्षवेधी भाग म्हणावा लागेल. शास्त्रनियमांनी बांधलेले ते ‘मार्ग’ आणि प्रदेशोप्रदेशीच्या लोकांच्या रुचीनुसार घडलेले ते ‘देशी’, असा भेद मानूनही शार्ङ्गदेवाने देशीला कमी लेखले नाही. प्रबंध, म्हणजे ठरावीक अवयवांत बांधलेली गीतरचना, यांच्या वर्गीकरणात त्याने ओवीलाही स्थान दिले. मराठी घरांत जात्यावर गाइली जाणारी ओवी याच नावाची आहे.

उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा हा ग्रंथ आजही प्रमाण मानतात.